‘गॅस गेलाय’ म्हणण्याआधी

घरातल्या सगळ्या यंत्रांत सोशिक कोण, असं विचारलं तर उत्तर फ्रिज असंच द्यावं लागेल. मिक्सर ओरडतो, कुकर शिट्ट्या मारतो, पंखा कुरकुरतो. फ्रिज मात्र कोपऱ्यात उभा राहून रात्रंदिवस राबतो आणि त्याच्याकडे कुणाचं लक्ष जातं ते दूध नासल्यावरच. त्यातही एका दाराचा, पन्नास ते शंभर लिटरचा छोटा फ्रिज म्हणजे तर घरातला आश्रितच. दिल्लीच्या बरसातीत राहणारा नोकरदार मुलगा, बंगळूरला पेइंग गेस्ट म्हणून राहणारी मुलगी, दोन खोल्यांत संसार थाटलेलं नवं जोडपं, नाहीतर मोठ्या घरातली आजीची खोली, इथे त्याची वस्ती. त्याला जागा मिळते ती उरलेली. कपाट आणि भिंत यांच्या फटीत, पलंगाच्या उशाशी, कधी थेट खिडकीतल्या उन्हात. त्याच्या डोक्यावर रेडिओ, मेणबत्त्या, लाइटची बिलं आणि गणपतीची मूर्ती. मागच्या फटीत रद्दीचा गठ्ठा.

असा हा फ्रिज एक दिवस थंड करेनासा होतो. मग घरात दोन प्रकारची माणसं पुढे येतात. एक त्याच्या पाठीवर थाप मारून बघणारं, दुसरं मेकॅनिकला फोन लावणारं. आणि पलीकडून पुष्कळदा फ्रिज न बघताच उत्तर येतं, “गॅस गेलाय.” या दोन शब्दांपुढे भलेभले गप्प होतात. गॅस दिसत नाही, मोजता येत नाही. मोटारीतलं पेट्रोल संपतं तसाच हा गॅसही संपत असेल, अशी समजूत करून घेऊन पैसे मोजले जातात.

खरी गोष्ट अशी, की फ्रिजमधला गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही. तो बंद नळ्यांतून वर्षानुवर्षं त्याच त्या वाटेनं फिरत राहतो. नळीला कुठे भोक पडलं तरच तो जातो. आणि तसं होण्याच्या कितीतरी आधी फ्रिज दुसऱ्याच साध्या कारणांनी रुसलेला असतो.

थंडी येत नाही, उष्णता जाते

फ्रिज थंडी तयार करतो असं सगळेच समजतात. तो थंडी तयार करत नाही. तो आतली उष्णता उचलून बाहेर नेऊन टाकतो. गळक्या होडीतला माणूस वाटीनं पाणी उपसून बाहेर टाकतो, तसंच हे. खाली मागच्या बाजूला असलेला काळा गोल डबा म्हणजे कॉम्प्रेसर. तो गॅस दाबून गरम करतो. हा गरम गॅस मागच्या काळ्या जाळीतून फिरताना आपली उष्णता खोलीतल्या हवेला देतो आणि त्याचा द्रव होतो. पुढे केसासारख्या बारीक नळीतून तो बर्फाच्या कप्प्याच्या भिंतीत शिरतो, तिथे दाब एकदम कमी झाल्यामुळे उकळतो आणि उकळण्यासाठी लागणारी उष्णता आतल्या दुधा-भाजीतून ओढून घेतो. मग पुन्हा कॉम्प्रेसर, पुन्हा जाळी.

एवढं एक ध्यानात ठेवलं की बहुतेक तक्रारींचा उलगडा घरबसल्या होतो. एक तर उष्णता नको तितकी आत येत असते, नाहीतर ती बाहेर जायला वाट नसते. होडीचं भोक मोठं झालं आहे, की वाटी धरणाऱ्याचे हात बांधले आहेत, एवढंच बघायचं.

काही छोट्या फ्रिजना मागे जाळी दिसतच नाही. ती बाजूच्या पत्र्याच्या आत बसवलेली असते. अशा फ्रिजच्या बाजू हाताला गरम लागतात आणि घरचे घाबरतात. घाबरण्याचं कारण नाही. त्या गरम लागतात याचाच अर्थ उष्णता बाहेर पडते आहे. त्या बाजूंना कपाट चिकटवलं किंवा वरून शोभेचं जाड कापड सोडलं, की मात्र उष्णतेची कोंडी झालीच.

नागपूरचा मे महिना

नागपुरातल्या एका घरची हकीकत सांगण्याजोगी आहे. सासूबाईंना मधुमेह, रोज इन्सुलिन घ्यावं लागणार. म्हणून मुलानं त्यांच्या खोलीत छोटा फ्रिज आणून ठेवला. पश्चिमेची भिंत, एका अंगाला लाकडी कपाट. पहिला उन्हाळा बरा गेला. दुसऱ्या वर्षी मे महिन्यात पारा पंचेचाळिसावर गेला आणि फ्रिजमधलं पाणी माठातल्या पाण्याहून कोमट लागू लागलं. सुनेनं बटण फिरवून शेवटच्या आकड्यावर नेलं. तरी फरक नाही. फोनवर मेकॅनिक म्हणाला, “मॅडम, गॅस गेला असणार. भरावा लागेल.” अडीच हजारांची बात होती आणि त्याला यायला तीन दिवस होते.

“सूनबाई, तीन दिवस माझ्या औषधाचं काय?” सासूबाईंचा प्रश्न साधा होता, पण सून हादरली. दूध नासलं तर दुसरं आणता येतं. इन्सुलिनचं तसं नाही. न उघडलेली कुपी २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवायची असते. उन्हाळ्यात तापलेल्या खोलीत पडून राहिली तर तिचा गुण कमी होतो आणि वरून बघून ते कळत नाही. सगळ्या कुप्या तिनं लगोलग शेजारच्या काकूंच्या फ्रिजमध्ये नेऊन ठेवल्या. मग पदर खोचून ती या फ्रिजकडे वळली.

दार उघडलं तर बर्फाच्या कप्प्याभोवती बोटभर जाड बर्फ. कप्प्याची झडप त्या बर्फाला अडून अर्धवट उघडीच राहिलेली. फ्रिजच्या मागे वर्तमानपत्रांची रद्दी, आणि जाळीवर धुळीचा लोकरीसारखा थर. भिंत अशी तापलेली, की तिच्यावर हात ठेववेना.

बर्फ हा उष्णतेचा वाईट वाहक. कप्प्याभोवती त्याची गोधडी तयार झाली, की आतली थंडी दुधापर्यंत पोचतच नाही. आत गोधडी, बाहेर रद्दी. बिचाऱ्या फ्रिजनं करावं तरी काय?

सासूबाई स्वयंपाकघरातून सुरी घेऊन आल्या. “खरवडून काढू, पाच मिनिटांचं काम.”

“आई, सुरी नको!” सुनेनं त्यांचा हात धरला. तिच्या माहेरी असाच एक फ्रिज गेला होता. बर्फाच्या कप्प्याची भिंत पातळ पत्र्याची असते आणि गॅसची नळी त्या पत्र्यातूनच जाते. सुरीचं टोक, उलथनं, स्क्रू-ड्रायव्हर यांतलं काहीही जरा जोरात लागलं, की बारीक ‘फुस्स’ आवाज येतो, आणि मग ‘गॅस गेलाय’ हे वाक्य अक्षरशः खरं होतं. घराघरातले कितीतरी फ्रिज बर्फानं मेले नाहीत, ते बर्फ काढणाऱ्या सुरीनं मेले.

त्या दोघींनी प्लग काढला, दार उघडं ठेवलं, खाली जुनी चादर अंथरली आणि कप्प्यात गरम पाण्याचं पातेलं ठेवलं. तासाभरात बर्फाच्या चकत्या आपोआप सुटून आल्या. रद्दी हलली, जाळीवरची धूळ कोरड्या ब्रशनं निघाली, फ्रिज पश्चिमेच्या भिंतीवरून उत्तरेच्या भिंतीशी आला, मागे वीतभर जागा सोडून. रात्री फ्रिज पुन्हा सुरू केला. सकाळी पाणी गार. सासूबाई खूश, अडीच हजार वाचले.

पण गोष्ट इथे संपली नाही. दोन दिवसांनी इन्सुलिनच्या कुप्या परत आल्या. ‘सर्वांत थंड जागी’ म्हणून सासूबाईंनी त्या बर्फाच्या कप्प्याखालच्या तबकात ठेवल्या. बटण मात्र अजून शेवटच्या आकड्यावरच होतं. आता वाट मोकळी झालेला फ्रिज पूर्ण ताकदीनं चालत होता. दुसऱ्या दिवशी एका कुपीत बर्फाचे स्फटिक दिसले. औषधाच्या दुकानदारानं स्पष्ट सांगितलं, एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी वापरायचं नाही, टाकून द्यायचं. त्या तबकातल्या सगळ्याच कुप्या टाकाव्या लागल्या. उष्णतेपासून वाचवलेलं औषध थंडीनं गेलं.

छोट्या फ्रिजची ही खोड मोठ्या फ्रिजवाल्यांना माहीत नसते. आत पंखा नसतो, म्हणून सगळीकडे सारखी थंडी नसते. कप्प्याखाली गोठण, दारात बऱ्यापैकी ऊब. औषधाची जागा मधल्या फळीवर, मागच्या भिंतीला न टेकता, झाकणाच्या डब्यात. शेजारी पेलाभर पाण्यात साधा थर्मामीटर बुडवून रात्रभर ठेवावा (तापाचा नव्हे, खोलीचं किंवा फ्रिजचं तापमान दाखवणारा). सकाळी तो ४-५ अंशांच्या आसपास असला की दूधही सुरक्षित, औषधही. बटणावरचे आकडे म्हणजे अंश नव्हेत, हेही पुष्कळांना ठाऊक नसतं. आकडा मोठा, थंडी जास्त, एवढाच त्यांचा अर्थ. उन्हाळ्यात मधला किंवा थोडा पुढचा आकडा आणि हिवाळ्यात खालचा, असा साधारण हिशेब ठेवावा.

दार, रबर आणि पाऊस

मुंबई, कोची, कोलकाता अशा दमट हवेच्या शहरांत दुखणं वेगळं. तिथे दार उघडताच हवेबरोबर ओल आत शिरते आणि तिचाच बर्फ होतो. म्हणून नागपूरला महिन्यानं साचणारा बर्फ पावसाळ्यातल्या मुंबईत आठवड्या-दोन आठवड्यांत साचतो. बर्फ पाव इंचाच्या वर गेला की तो वितळवावा, हा नियम मात्र सगळीकडे सारखाच. ज्या फ्रिजमध्ये थर्मोस्टॅटच्या मधोमध डिफ्रॉस्टचं बटण असतं, तिथे ते रात्री दाबलं की काम भागतं. सकाळी तबकातलं पाणी ओतून टाकायचं विसरू नये. नाहीतर तेच पाणी खालच्या कोथिंबिरीवर ओघळतं आणि घरचे म्हणतात, फ्रिज गळतो.

आवश्यकतेपेक्षा जास्त बर्फ साचत असेल तर संशय दाराच्या रबरावर घ्यावा. एक जुनी नोट दारात अर्धी धरून दार लावावं आणि नोट ओढावी. ती अडकली तर रबर ठीक, सहज सुटून आली तर त्या जागी फट आहे. चारही बाजूंनी असं करून बघायला दोन मिनिटं लागतात. पुष्कळदा रबर खराब नसतं, त्याच्या घड्यांत साखरेचा पाक, दुधाची साय, पिठाचे कण साचून ते चिकट झालेलं असतं. कोमट पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा घालून मऊ फडक्यानं ते पुसावं. वाकलेलं रबर गरम पाण्यात भिजवलेल्या कापडानं शेकलं की बरेचदा पूर्ववत होतं. फ्रिजचे पुढचे पाय मागच्यांपेक्षा किंचित उंच ठेवले, की सोडलेलं दार स्वतःच मिटतं.

वास हा आणखी एक रुसवा. कापलेला कांदा, उघडी मासळी, इडलीचं आंबलेलं पीठ या तिघांची एका लहानशा पेटीत गाठ पडली की वास येणारच. झाकणाचे डबे आणि वाटीभर उघडा सोडा यांनी तो आटोक्यात राहतो. गावाला जाताना फ्रिज बंद करून जाणाऱ्यांनी तो रिकामा, कोरडा करून दारात कापडाची घडी ठेवावी. घट्ट मिटलेल्या बंद फ्रिजमध्ये आठवड्यात बुरशी धरते.

टक्... घूं... टक्

आवाजांची भाषाही शिकण्यासारखी आहे. पाणी खळखळल्यासारखा आवाज, पत्रा तडकल्यासारखा आवाज, मधूनच एखादं ‘टक्’, हे सगळं निरोगी फ्रिजचं बोलणं. पण ‘टक्... थोडं घूं... पुन्हा टक्’ असं दर दोन-तीन मिनिटांनी चाललं असेल, तर कॉम्प्रेसर सुरू होण्याची धडपड करतो आहे आणि त्याचा रक्षक त्याला बंद पाडतो आहे, असं समजावं. संध्याकाळी दिवे मंद होत असतील तर दोष विजेचा. तिथे स्टॅबिलायझर हवा, तोही वीज आल्यावर तीन-चार मिनिटं थांबून मग फ्रिज सुरू करणारा. वीज गेल्यागेल्या लगेच परत आली तर नळ्यांतला दाब उतरलेला नसतो, आणि त्या दाबाविरुद्ध सुरू होताना कॉम्प्रेसर गरम होतो. वीज पुरेशी असूनही टकटक चालूच राहिली तर मेकॅनिकला बोलवावं, आणि कॉम्प्रेसर बदलण्याची भाषा होण्याआधी त्याच्या अंगाला लावलेला छोटा रिले तपासायला सांगावं. तो बाहेरचा, स्वस्त सुटा भाग आहे आणि अपराधी पुष्कळदा तोच निघतो.

काहीच आवाज नसेल तर आधी आतला दिवा बघावा. दिवाही नसेल तर त्याच सॉकेटमध्ये टेबललॅम्प लावून बघावा. दिवा आहे पण कॉम्प्रेसर गप्प, तर बटण शून्यावर नाही ना, डिफ्रॉस्टचं बटण दाबलेलं राहिलं नाही ना, हे पाहावं. घर बदलताना आडवा करून आणलेला फ्रिज लगेच सुरू करू नये. कॉम्प्रेसरमधलं तेल नळ्यांत उतरलेलं असतं. चार-सहा तास, शक्य तर रात्रभर, उभा ठेवून मग प्लग लावावा.

इथे थांबायचं

घरच्या हुशारीला एक सीमा आहे, आणि ती जिवाशी गाठ घालणारी आहे. भाड्याच्या खोल्यांत तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या सॉकेटमध्ये बसवण्यासाठी मधली मोठी पिन मोडली जाते. ती पिन म्हणजे अर्थिंग. ती नसेल आणि आत कुठे वायर उघडी पडली, तर सगळा पत्रा विजेचा होतो. पावसाळ्यात ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून पाण्याची बाटली काढायला गेलेल्या मुलानं दाराला हात लावला की काय होईल, हे सांगायला नको. पत्र्याला हात लावताच मुंग्या येत असतील तर ‘होतं असं कधीकधी’ म्हणून सोडून देऊ नये. हाताच्या ओलेपणाशी न भांडता मेन स्विच बंद करावा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवावं. घरमालकाशी वाद घालायचाच असेल तर रंगापेक्षा अर्थिंगसाठी घालावा.

दुसरी सीमा गॅसची. जुन्या फ्रिजमध्ये आर-१२ हा वायू असे. तो ओझोनच्या थराला छिद्र पाडतो म्हणून १९८७ साली माँट्रियल करार झाला, भारत त्यात १९९२ मध्ये सामील झाला आणि २०१० पर्यंत असे वायू भारतातल्या नव्या उत्पादनांतून हद्दपार झाले. आता पुष्कळ घरगुती फ्रिजमध्ये आर-६००ए म्हणजे आयसोब्युटेन असतो. ओझोनला तो निरुपद्रवी, पण पेट घेणारा. छोट्या फ्रिजमध्ये तो मोजक्याच ग्रॅमांत असतो, त्यामुळे नळ्या शाबूत असताना भीती नाही. मात्र ज्या फ्रिजवर हे नाव आहे, त्याच्या नळीला घरात ज्योत लावून डाग देणारा मेकॅनिक नको. मागच्या चिठ्ठीवर जो गॅस लिहिला आहे तोच, तेवढाच भरायला हवा, आणि त्याआधी गळती कुठे आहे हे शोधून बुजवायला हवं. गळती न शोधता गॅस भरणं म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणं.

गॅस खरोखर गेला आहे का, याचा अंदाज घरीही घेता येतो. कॉम्प्रेसर न थांबता चालतो आहे, पण मागची जाळी किंवा बाजू जराही गरम नाहीत आणि बर्फाच्या कप्प्याचा एखादाच कोपरा पांढरा होतो, तर शंका रास्त. जाळी चांगली गरम आहे आणि कप्पा सगळीकडून बर्फानं भरला आहे, तर ‘गॅस गेलाय’ म्हणणाऱ्याला नम्रपणे विचारावं, “भाऊ, मग हा बर्फ कशानं झाला?”

विकत घेताना

त्याच मागच्या चिठ्ठीवर आणखी एक अक्षर असतं, ते विकत घेतानाच वाचावं. फ्रिज किती उष्ण खोलीत नीट चालेल याचा तो वर्ग. ‘एन’ ३२ अंशांपर्यंत, ‘एसटी’ ३८ पर्यंत, ‘टी’ ४३ पर्यंत. विदर्भात, राजस्थानात, तेलंगणात ‘टी’शिवाय दुसरा घेऊ नये. आणि पारा ४५ वर जातो तेव्हा त्यालाही सावलीची गरज लागते, हे ध्यानात ठेवावं.

दुसरं म्हणजे, छोटा आणि हलका दिसतो म्हणून प्रत्येक पेटी फ्रिज नसते. कॉम्प्रेसर नसलेल्या काही पेट्या पेल्तिए परिणामावर चालतात. दोन निराळ्या पदार्थांच्या जोडातून वीज सोडली की एक बाजू थंड आणि दुसरी गरम होते, हे फ्रेंच शास्त्रज्ञ पेल्तिए यानं १८३४ मध्ये दाखवलं. गोदरेजचा ‘छोटूकूल’ याच तत्त्वावरचा. खेड्यापाड्यांतल्या घरांसाठी आणि टपऱ्यांसाठी ती चांगली कल्पना होती. पण अशा पेट्या साधारणपणे बाहेरच्या हवेपेक्षा वीसेक अंशच खाली जातात. खोलीत ४० अंश असतील तर आत २० च्या आसपास. शीतपेय गार होईल, भाजी टिकेल. दूध आणि इन्सुलिन यांचा भरवसा तिच्यावर टाकू नये. हॉस्टेलला निघालेल्या मुलीला अशी पेटी घेऊन देताना आईनं एवढं सांगायलाच हवं, विशेषतः तिच्या औषधाला थंडी लागत असेल तर.

बाकी छोट्या फ्रिजच्या अपेक्षा फार नाहीत. मागे चार बोटं जागा, अंगावर ऊन नको, गरम आमटीचं पातेलं निवल्यावर आत, महिन्या-दोन महिन्यांनी धूळ झाडणं आणि बर्फ पाव इंचाचा झाला की एक रात्र विश्रांती. एवढं मिळालं तर हा आश्रित दहा-पंधरा वर्षं तक्रार न करता राबतो. दाराच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवून त्यावर बर्फ काढल्याची तारीख, गॅसचं नाव आणि औषधाची फळी लिहून ठेवावी. घरात नव्यानं आलेली सून असो की चार दिवसांसाठी आलेला पाहुणा, तो कागद वाचून कुणीही शहाणा होतो, आणि कपाटातली सुरी कपाटातच राहते.